रिपोर्टातलं ‘लिगामेंटम फ्लेवम हायपरट्रॉफी’ : हे नेमकं काय आणि त्यावर किती घाबरायचं?

प्रश्न गोव्यातल्या फोंड्याहून आला आहे. थोडक्यात तो असा : वडील ६८ वर्षांचे, मधुमेहाच्या गोळ्या चालू. गेलं वर्षभर बाजारात दहा-बारा मिनिटं चाललं की दोन्ही पोटऱ्या भरून येतात. कुठेतरी टेकावं लागतं, पाच मिनिटांत पुन्हा चालता येतं. कमरेच्या एमआरआयमध्ये ‘एल४-एल५ पातळीवर डिफ्यूज डिस्क बल्ज, लिगामेंटम फ्लेवम हायपरट्रॉफी, मॉडरेट कॅनल स्टेनोसिस’ असं आलं (एल४-एल५ म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका). एका ठिकाणी ‘स्क्रू घालून ऑपरेशन’ सुचवलं. घरी शोधाशोध केल्यावर ‘फ्लेवम’ म्हणजे पिवळं आणि ‘हायपरट्रॉफी’ म्हणजे वाढ एवढं कळलं, आणि आत पू झालाय की गाठ आहे या धास्तीने सगळे बसलेत. शिवाय गुडघ्याचं सांधारोपण ठरायचं आहे. त्यासाठी पाठीत भुलीचं इंजेक्शन देणार, ते अशा कण्यात चालेल का?

धास्तीचं आधी मिटवू. यात पू नाही, गाठ नाही, काविळीशीही संबंध नाही. लिगामेंटम फ्लेवम हा प्रत्येकाच्या पाठीत जन्मापासून असलेला शरीराचा भाग आहे आणि त्याचा रंग निरोगी माणसातही पिवळसरच असतो. ‘हायपरट्रॉफी’ म्हणजे तो वयोमानाने जाड झालाय. रिपोर्टातली ही ओळ रेडिओलॉजिस्टने पाहिलेल्या चित्राचं वर्णन आहे. बाबांना कशामुळे थांबावं लागतं, हे ती ओळ एकटी सांगू शकत नाही. तुमचा खरा प्रश्न ‘फ्लेवम म्हणजे काय’ हा नसून ‘बाबांच्या पोटऱ्या भरून येण्याला हीच जाडी जबाबदार आहे का, आणि असेल तर किती घाई करायची’ हा आहे. त्याचं उत्तर बरंचसं त्यांच्या चालण्यात मिळतं.

तरीही शब्दापासून सुरुवात करतो, कारण तो नीट कळला की पुढचा रिपोर्ट वाचता येतो.

लिगामेंटम म्हणजे बांधणारी पट्टी, मराठी पाठ्यपुस्तकांतला अस्थिबंध. फ्लेवम म्हणजे पिवळा. लॅटिनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत आणि विशेषण नामाबरोबर बदलतं. अनेकवचन होतं लिगामेंटा फ्लेवा. एका रिपोर्टात ‘फ्लेवम’ आणि दुसऱ्यात ‘फ्लेवा’ दिसलं तर आजार बदलला असं समजू नका. फोरामेन-फोरामिना (छिद्र), व्हर्टिब्रा-व्हर्टिब्री (मणका) ही जोडपीही तशीच, एक आणि अनेक. पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेत शिक्षण पोर्तुगीजमधून चालायचं, तिथे यालाच ‘लिगामेंतो आमारेलो’ म्हणत. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी किंवा एखाद्या जुन्या कागदावर ते नाव सापडलं तर वस्तू हीच.

आता ही पट्टी असते कुठे? मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाची कमान असते. त्या कमानीच्या दोन चपट्या बाजूंना लॅमिना म्हणतात. वरच्या मणक्याच्या लॅमिनाच्या पुढच्या अंगापासून निघून ही पट्टी खालच्या लॅमिनाच्या वरच्या काठाला जाऊन चिकटते. मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून त्रिकास्थीपर्यंत अशी २३ ठिकाणं आहेत आणि प्रत्येक ठिकाणी डावी-उजवी अशी जोडी. दोन्ही अर्धी मधोमध इंग्रजी व्ही अक्षरासारखी भेटतात, मध्ये बारीक फट असते आणि तिच्यातून शिरा जातात. बाहेरच्या बाजूला ही पट्टी फॅसेट सांध्याच्या, म्हणजे मागून दोन मणके जोडणाऱ्या छोट्या सांध्याच्या, वेष्टनापर्यंत पोचते.

या रचनेतली कळीची गोष्ट म्हणजे नसा ज्या नळीतून खाली जातात, त्या नळीची पुढची भिंत मुख्यतः मणका आणि डिस्क (दोन मणक्यांमधली गादी), आणि मागची भिंत लॅमिना आणि हा पिवळा बंध. डिस्क पुढून फुगली आणि बंध मागून जाड झाला की नळी दोन्हीकडून अरुंद होते, तेच रिपोर्टातलं ‘कॅनल स्टेनोसिस’. तुमच्या रिपोर्टात दोन्ही एकत्र लिहून आलंय ते याच कारणाने. तो एकाच प्रक्रियेचा भाग आहे, दोन वेगळे आजार नव्हेत.

पिवळा रंग येतो इलॅस्टिन या प्रथिनामुळे. बहुतेक अस्थिबंध कोलॅजेनचे, पांढरे आणि ताठ असतात. या बंधात मात्र साधारण ८० टक्के इलॅस्टिन आणि २० टक्के कोलॅजेन असतं. कारण सरळ आहे. आपण वाकतो तेव्हा दोन लॅमिनांमधली फट उघडते आणि बंध ताणला जातो. परत उभे राहिलो की त्याने घडी न पडता आखडून मूळ लांबीला यायला हवं, नाहीतर घडी थेट नळीत, नसांवर पडेल. तरुणपणी तो किंचित ताणलेल्या अवस्थेतच बसवलेला असतो, म्हणून घडी पडत नाही.

वय वाढतं तशी दोन कामं बिघडतात. एक, इलॅस्टिनचे धागे तुटत जातात आणि त्यांची जागा कोलॅजेन घेतं, म्हणजे व्रण भरताना जसा तंतुमय थर येतो तसा. ही खरी जाडी. दोन, डिस्कमधलं पाणी कमी होऊन तिची उंची घटते, दोन मणके जवळ येतात आणि तेवढ्याच लांबीचा बंध आता सैल पडतो. जुन्या पायजम्यातलं इलॅस्टिक जसं ओढ गेल्यावर सुरकुततं, तसा तो आत नळीकडे वळतो. रिपोर्टात काही जण याला ‘बकलिंग’ लिहितात, काही जण सरसकट ‘थिकनिंग’ किंवा ‘हायपरट्रॉफी’. बहुतेकांत दोन्ही थोडं थोडं असतं. एल४-एल५ या जागेवर सर्वांत जास्त दिसतं, कारण कमरेची बरीच हालचाल आणि भार तिथे येतो.

किती मिलिमीटर म्हणजे जाड? कमरेच्या भागात साधारण ३ ते ४ मिमी हे नेहमीचं समजतात. बरेच रेडिओलॉजिस्ट ४ च्या वर गेलं की हायपरट्रॉफी लिहितात, काही ५ ची मर्यादा धरतात. हे माप आडव्या छेदात, फॅसेट सांध्याच्या पातळीवर, बंधाला काटकोनात घ्यायचं असतं. छेद तिरका गेला की जाडी उगीच जास्त भरते. दोन डॉक्टरांनी मोजलं तर अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक सहज पडतो. त्यामुळे ‘गेल्या वर्षी ४.२ होतं, आता ४.८ झालं, वाढतंय’ असं कोणी म्हणालं तर त्यावर मी काहीच ठरवत नाही.

‘मॉडरेट’ हा शब्दही असाच सैल. एकाचं मॉडरेट ते दुसऱ्याचं सिव्हिअर. म्हणून कागदापेक्षा मला फिल्म किंवा सीडी हवी असते. ती तुम्हालाही थोडीफार वाचता येते. आडव्या छेदांच्या पानावर एल४-एल५चं चित्र शोधा, टी२ प्रकारातलं, ज्यात पाणी पांढरं दिसतं. मधोमध एक पांढरा गोल किंवा त्रिकोण दिसेल, ती नसांची पिशवी, म्हणजे रिपोर्टातली ‘थीकल सॅक’. पांढरं आहे ते मेंदूभोवतीही असतं तेच पाण्यासारखं द्रव आणि आतले काळे ठिपके म्हणजे नसा. पिशवीच्या मागे दोन्ही बाजूंनी येणारी करडी-काळी व्ही आकाराची पट्टी म्हणजे हा पिवळा बंध. एमआरआयमध्ये तो पिवळा दिसत नाही, अर्थातच. त्या व्हीच्या आत पांढरा छोटा त्रिकोण दिसला तर ती चरबी.

स्वित्झर्लंडमधल्या शिझास आणि सहकाऱ्यांनी २०१० साली हेच चित्र पाहून अ ते ड अशी प्रतवारी मांडली आणि मला ती मिलिमीटरपेक्षा उपयोगी वाटते. पिशवीत पांढरं द्रव स्पष्ट दिसतंय आणि ठिपके मोकळे आहेत, ती अ. नसांनी पिशवी भरली, तरी ठिपके वेगळे ओळखू येतात आणि थोडं द्रव उरलंय, ती ब. ठिपके एकमेकांत मिसळून सगळं करडं झालं, पण मागची चरबी शाबूत आहे, ती क. चरबीही दिसेनाशी झाली, ती ड. अ आणि ब मध्ये असलेल्या बहुतेकांचं ऑपरेशनावाचून भागतं. क आणि ड मध्ये पुढे कधीतरी ऑपरेशन लागण्याची शक्यता बरीच जास्त. बाबांचं चित्र यातलं कोणतं, हे पुढच्या भेटीत थेट विचारा. तज्ज्ञ लगेच सांगतील.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यावाचून सगळा हिशेब चुकतो. कण्यात बदल दिसणं आणि त्याने त्रास होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. १९९० साली अमेरिकेत कंबरदुखी किंवा पायात कळ येण्याचा त्रास कधीच न झालेल्या ६७ जणांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या साठीपुढच्यांपैकी २१ टक्के लोकांत नळी अरुंद झालेली निघाली, तेही ठणठणीत लोकांत. म्हणून ६८ वर्षांच्या माणसाच्या रिपोर्टात हे शब्द आले यात मला नवल वाटत नाही. न आले असते तर वाटलं असतं.

मग ठरवायचं कसं? बाबांना चालताना बघून. अरुंद नळीचा त्रास शरीराच्या ठेवणीवर ठरतो. ताठ उभं राहिलं किंवा मागे झुकलं की बंध घडी होऊन नळीत शिरतो, पुढे वाकलं की ताणला जाऊन नळी मोकळी होते. त्यावरून काही खुणा मिळतात. चवथीला घुमट (मातीचं वाद्य) वाजवून म्हणायच्या आरत्यांना एका जागी अर्धा तास उभं राहिल्यावर, काही न चालताही पाय जड होतात का? देवळाच्या पायऱ्या किंवा डोंगरवाट चढताना बरं आणि उतरताना जास्त, असं आहे का? उतरताना आपण मागे कलतो, म्हणून. सुपरमार्केटची ट्रॉली ढकलत किंवा सायकलवर वाकून बराच वेळ तोशीस न पडता जमतं का? त्रास झाल्यावर नुसतं उभं राहून भागत नाही, सोप्यावर बसावं किंवा ओणवं व्हावं लागतं का? या सगळ्यांना ‘हो’ असेल तर कण्याचा संशय पक्का होतो.

घरी करायची एक साधी परीक्षा आहे. सपाट रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने, घड्याळ लावून चालायला सांगा. किती मिनिटांत थांबावं लागलं, पोटरी, मांडी की नितंब, एक पाय की दोन्ही, मुंग्या की दुखणं, हे लिहा. थांबल्यावर दोन मिनिटं ताठ उभं राहू द्या. बरं वाटलं नाही तर बसवा आणि पुन्हा वेळ बघा. दुसऱ्या दिवशी हेच, पण काहीतरी ढकलत किंवा काठीवर किंचित पुढे झुकून. दोन्ही दिवसांच्या मिनिटांत मोठा फरक पडला तर तो कागद एमआरआयइतकाच कामाचा.

गोव्यात हे करताना मी मधुमेहाकडे जरा जास्तच लक्ष देतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सर्वांत जास्त, २६.४ टक्के निघालं. मधुमेह पायांना दोन वाटांनी त्रास देतो आणि दोन्ही अरुंद नळीसारख्या भासू शकतात. पहिली वाट नसांची. तळवे जळजळतात, मोजा घातल्यासारखा बधिरपणा येतो, रात्री अंथरुणात वाढतो आणि बसण्या-वाकण्याने फरक पडत नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ कमी होऊन हेच होतं, म्हणून रक्तात बी१२ बघायला सांगा. तपासणी सोपी, उपाय स्वस्त, तरी राहून जाते. दुसरी वाट रक्तवाहिन्यांची. चालताना पोटरी आवळते, पण नुसतं उभं राहिलं तरी दोन-चार मिनिटांत सुटते, आणि सायकल चालवतानाही दुखते. तंबाखू-विडीची सवय असेल तर हा संशय आधी. पावलाच्या वरच्या अंगाला नाडी लागते का हे डॉक्टर हात लावून बघतात. शंका असली तर घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढतात, ते ०.९ च्या खाली आलं तर रोहिण्यांकडे वळावं लागतं. तुम्ही दिलेल्या माहितीत बाबा ‘टेकतात’ एवढंच आहे. ते भिंतीला उभ्याने टेकतात की बसतात, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

खुब्याच्या सांध्याची झीजही लोक कंबर समजून चालतात. चप्पल-मोजे घालताना, मांडी घालताना जांघेत दुखत असेल तर खुब्याचा साधा एक्स-रे काढा.

कोणत्या नसेवर दाब आहे याचा अंदाज घ्यायला भिंतीचा आधार घेऊन टाचांवर दहा पावलं चालवून बघा, मग चवड्यांवर. एल४-एल५ला नळी अरुंद असली की बहुधा कमरेच्या पाचव्या नसेला दाब येतो. मग टाचांवर चालताना पाऊल पडतं किंवा अंगठा वर उचलताना जोर लागत नाही. दोन्ही बाजू सारख्या आणि जोरदार असतील तर घाई नाही, असं निश्चिंतपणे समजा.

घाई कधी, हे मात्र पाठ करून ठेवा. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तिथे बधिरपणा, किंवा पाऊल दिवसागणिक लुळं पडत जाणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ बोलवा, बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) जा. पहाटे असो की रविवार.

इथपर्यंतचं एकत्र घेतो. बंध जाड आहे, हे वयाचं लक्षण. त्याने त्रास होतोय की नाही, हे वाकल्यावर सुटतं का यावरून. किती अरुंद झालंय, हे आडव्या चित्रावरून. आणि ऑपरेशन हवं का, हे चालण्याच्या मिनिटांवरून आणि पायाच्या ताकदीवरून.

समजा, खुणा कण्याकडेच बोट दाखवतात. तरी पहिले तीन महिने मी ऑपरेशनाचं नाव काढत नाही, वरच्या धोक्याच्या खुणा नसतील तर. हा आजार वादळासारखा वाढत नाही. बऱ्याच जणांचं वर्षानुवर्षं तेवढंच राहतं, काहींचं आपोआप सुधारतं, थोड्यांचं बिघडतं. या काळात पुढे वाकण्याचे व्यायाम करायचे. उताणं झोपून एकेक गुडघा छातीशी घेऊन १५-२० सेकंद धरायचा, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. गुडघे मोडून कंबर जमिनीला दाबायची, पाच सेकंद, दहा वेळा. खुर्चीतून हात न लावता उठबस, आठ-दहा वेळा. स्थिर सायकल असेल तर रोज १०-१५ मिनिटं, हँडलवर थोडं झुकून. चालणं सोडायचं नाही, फक्त तुकडे करायचे. दहा मिनिटांत थांबावं लागतं ना, मग आठव्या मिनिटालाच बसायचं, दोन मिनिटं विसावायचं, पुन्हा निघायचं, असं एकूण वीस-पंचवीस मिनिटं. दुखेपर्यंत रेटण्यात काही पराक्रम नाही. हाडं ठिसूळ असतील किंवा मणका आधी दबलेला असेल तर हे पुढे वाकण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय करू नका.

काय टाळायचं? योगवर्गातलं भुजंगासन, धनुरासन, उष्ट्रासन. पाठदुखीवर ही आसनं सर्रास सांगतात आणि डिस्कच्या काही रुग्णांना ती मानवतातही, पण नळी अरुंद असलेल्याला ती नेमकी उलट पडतात. वर्गात जायला हरकत नाही, शिक्षकांना आधी सांगा. ‘सरकलेला मणका बसवून देतो’ म्हणणाऱ्याकडे झटके घ्यायला नेऊ नका. पट्टा लांबच्या प्रवासापुरता ठीक, दिवसभर बांधून ठेवला तर स्नायू आळसावतात. झोपताना कुशीवर, किंवा उताणं झोपायचं तर गुडघ्यांखाली उशी.

गोळ्यांचा इथे फारसा जोर चालत नाही, हे स्पष्ट सांगतो. पॅरासिटामॉल बेताबेताने चालतं. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांची सवय मधुमेही, साठीपुढच्या माणसाला लावू नये, मूत्रपिंड आणि रक्तदाब दोन्ही बिघडतात. कण्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यावं का, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. २०१४ साली अशाच रुग्णांवरचा, ४०० जणांचा चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टेरॉइड घातलेलं इंजेक्शन नुसत्या बधिर करणाऱ्या औषधापेक्षा फारसं सरस ठरलं नाही. शिवाय मधुमेह्यांची साखर ते काही दिवस वर नेतं. लग्नाकार्यापुरता थोडा आराम हवा म्हणून कोणी घेतलं तर मी अडवत नाही, पण त्याने बंध पातळ होईल ही आशा ठेवू नये.

ऑपरेशन कधी? तीन महिने नेटाने करूनही चालणं पाच मिनिटांच्या आत येत असेल, घराबाहेर पडणं बंद होत असेल, किंवा पायाची ताकद कमी होत असेल, तेव्हा. यात सर्जन वरच्या लॅमिनाचा खालचा थोडा भाग काढतो, हाच पिवळा बंध हाडापासून सोडवून तुकड्यातुकड्याने बाहेर घेतो आणि नसांची पिशवी फुगून मोकळी झाली की थांबतो. बंध काढल्याने कणा मोडकळीला येत नाही, कारण बाकीचे सांधे आणि बंध जागेवर असतात. वयस्कर माणसात बंध पिशवीला चिकटलेला असतो, तो सोडवताना पिशवीला चीर पडू शकते. बहुधा तिथल्या तिथे टाके घालून निभतं, पण विचारून ठेवा. पायांचा त्रास चांगला सुटतो, कंबरदुखी तितकी सुटत नाही. हे आधी कळलं नाही तर नंतर निराशा होते.

आता स्क्रूंचं. स्क्रू घालून मणके जोडणं हे मोठं ऑपरेशन, रक्त जास्त जातं, खर्च जास्त. २०१६ साली स्वीडनमध्ये ५० ते ८० वयाच्या २४७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात नुसती नळी मोकळी केलेले आणि जोडीला मणके जोडलेले यांच्यात दोन वर्षांनी फरक दिसला नाही, मणका सरकलेला असलेल्यांतसुद्धा. त्याच सुमाराच्या, लहान आकाराच्या अमेरिकी अभ्यासात सरकलेल्या मणक्याच्या रुग्णांना जोडण्याचा थोडा फायदा दिसला होता. म्हणजे सरसकट नकार नाही, पण कारण विचारायचा हक्क तुमचा. उभं राहून आणि पुढे-मागे वाकून काढलेले एक्स-रे मागा. त्यात एल४ मणका एल५ वर सरकताना, हलताना दिसत असेल तर स्क्रूंची चर्चा रास्त. नुसता बंध जाड आणि डिस्क फुगलेली, मणके जागच्या जागी, तर दुसऱ्या कण्याच्या सर्जनचं मत घ्या. एमआरआय झोपवून काढतात, त्यात हे सरकणं लपून राहू शकतं, म्हणून उभ्याचा एक्स-रे.

दोन अपवाद, थोडक्यात. रिपोर्टात ‘ऑसिफिकेशन’ लिहिलं असेल आणि जागा पाठीच्या मधल्या किंवा खालच्या बरगड्यांच्या पातळीची असेल, तर बंधात हाड तयार झालंय. तिथे आत मज्जारज्जू असतो, त्याने पाय ताठरतात, तोल जातो. वर लिहिलेलं ‘थांबून बघू’ तिथे लागू नाही, सीटी स्कॅन आणि सर्जन दोन्ही लवकर. दुसरं, बाबांच्या दोन्ही मनगटांत कार्पल टनेलचा (मनगटात नस दबून हाताला मुंग्या येण्याचा) त्रास झालेला असेल आणि हल्ली धाप लागत असेल, पायांना सूज असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांना तिन्ही गोष्टी एकत्र सांगा. ट्रान्सथायरेटिन नावाच्या प्रथिनाचा साठा मनगटात, याच पिवळ्या बंधात आणि हृदयात होऊ शकतो. क्वचित आढळतं, पण वेगवेगळ्या ओपीडींत वाटलं गेल्यामुळे हुकतं.

राहता राहिला गुडघा आणि भूल. पाठीत सुई देताना ती कातडी, चरबी, मागचे बंध आणि शेवटी हाच लिगामेंटम फ्लेवम ओलांडून जाते. भूलतज्ज्ञ त्याला चांगलाच ओळखतो. एपिड्युरल, म्हणजे नसांच्या पिशवीबाहेर औषध सोडायची भूल, देताना सुई या बंधात असेपर्यंत पिचकारीला अडथळा लागतो, पलीकडे गेली की अडथळा एकदम नाहीसा होतो, त्यावरून त्याला जागा कळते. बंध जाड आहे म्हणून स्पायनल भूल देता येत नाही, असं नाही. नळी फारच अरुंद असेल तर औषध कमी-जास्त पसरू शकतं, म्हणून तो दुसरी पातळी निवडेल किंवा पूर्ण भूल सुचवेल. तुम्ही फक्त एमआरआयची फिल्म भूलतपासणीच्या दिवशी घेऊन जा, पायात आधीपासून बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल तर तो केस पेपरवर लिहून घ्यायला सांगा, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगा. भूलतज्ज्ञाला या गोळीची चिंता बंधाच्या जाडीपेक्षा जास्त असते.

आधी गुडघा की आधी कंबर? खुर्चीतून उठताना आणि जिना उतरताना नेमकं गुडघ्यात दुखतं, पण बाजारात थांबावं लागतं ते पोटऱ्यांमुळे, असं असेल तर नवा गुडघा बसवूनही बाबा दहाव्या मिनिटाला टेकतीलच. उलट, थांबवणारं दुखणं गुडघ्यातच असेल तर कण्याचा रिपोर्ट बाजूला ठेवून गुडघा आधी करा. गोंधळ असेल तर गुडघ्यात बधिर करणारं औषध टोचून तासाभरात पुन्हा चालवून बघतात. वर सांगितलेली दोन दिवसांची चालण्याची नोंद आणि आडव्या छेदाची फिल्म घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेलात, तर हा निर्णय एका भेटीत होण्याजोगा आहे. नोंद इथे टाकलीत तर मीही बघतो. बाबा टेकतात ते उभ्याने की बसून, तेवढं पहिल्या ओळीत लिहा.